मागावर कोण बसतं?

११ जानेवारी १९८८

संगणकाचं ते जाडजूड पुस्तक शेवटी माझ्याच टेबलावर आलं. संगणक बघणाऱ्या रवींद्रला मुंबईत नोकरी लागली, तो गेला, म्हणून. नसता गेला तर मी आणखी बारा वर्षं तक्त्यांच्या बेरजा करत बसले असते. पिंपळापुरे सर दारातूनच म्हणाले, "मिस हेडाऊ, आता तुम्हीच बघा. दुसरं आहेच कोण?" आमच्या सर्वेक्षण केंद्रात बढती अशी मिळते — दुसरं कोणी उरलं नाही की.

संगणक म्हणजे सुटकेसएवढी पेटी. झाकण काढलं की तोच कळफलक, आत वीतभर पडदा. ही पेटी जीपमधून न्यायची, विणकराच्या घरात विजेच्या खटक्याजवळ ठेवायची, पडद्यावर प्रश्न येतील ते विचारायचे, उत्तरं तिथंच आत घालायची. कागद नाही, तक्ता नाही. नागपूर आणि उमरेडचे सगळे हातमाग विणकर असे मोजायचे आहेत. विणकराच्या मुलीनं.

१२ जानेवारी

पहिला धडा — 'सुरुवात करताना'. लिहिणाऱ्याला वाटतं, वाचणारा आईच्या पोटातूनच हे शिकून आलाय. दिवसभर वाचून समजलं ते एवढं: माहिती गोळा करणारं मूळ पॅकेज परदेशातून दिल्लीमार्गे आलंय. ते बंद आहे. त्याच्या आत हात घालता येत नाही. पण बाहेरून त्याला हाका मारता येतात. आपण आपला प्रोग्राम लिहायचा आणि त्यातून ठरलेल्या हाका मारायच्या — उघड, विचार, तपास, ओलांड, ठेव, बंद कर. (पुस्तकात इंग्रजीत आहेत. मी मराठी करून भिंतीवर डकवल्या, नाहीतर डोक्यात राहत नाहीत.) प्रत्येक हाकेला ते ओ देतं, म्हणजे एक आकडा परत पाठवतं. शून्य आलं तर सगळं ठीक. दुसरं काहीही आलं तर चूक.

जन्मभर शून्य म्हणजे नापास असं ऐकत आले. आता शून्यासाठी देव पाण्यात घालून बसायचं!

१५ जानेवारी

सतरा.

१६ जानेवारी

सतरा, सतरा, सतरा. पुस्तकाच्या शेवटी चुकांची यादी आहे. सतरा म्हणजे — जी जागा भरलीच पाहिजे ती रिकामी आहे. मग कुठली ते सांग ना! नाही. बड्या साहेबासारखं फाइल परत पाठवायची आणि कारण लिहायचं नाही.

१८ जानेवारी

शून्य!

'उघड' म्हणताना सर्वेक्षकाचं नावही द्यावं लागतं, ते मी देत नव्हते. आमच्या ईश्वरदासचं नाव घातलं आणि पेटी मुकाट्यानं उघडली. पडद्यावर माझा पहिला प्रश्न आला. मी एकटीच होते खोलीत. टाळी वाजवावीशी वाटली, वाजवली नाही.

सरांना सांगायला गेले. "बरं. छपाईचं कसं काय करणार आहात?" म्हणाले. मान वर न करता.

२४ जानेवारी

रविवार, म्हणून उमरेडला गेले. एस.टी.त उभी. नागपुरात सक्करदऱ्याला खोली घेऊन राहते त्याला आठ वर्षं झाली तरी गल्लीत शिरलं की अजून सगळे विचारतात, "काहून वं कुसुम, लगन कधी?"

रविवारी आमच्याकडे माग बंद. माग झाकलेला, आणि आई नेहमीप्रमाणे चरख्यापाशी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली. सुताची धूळ आणि तिचा खोकला. ह्या वेळी खोकला खालून, पोटातून येतो. नागपूरच्या छातीच्या दवाखान्यात दाखवू म्हटलं तर "होते कमी, थंडीचा आहे."

बाबा शालीत हात खुपसून ओट्यावर. चहा आला तर आईनं कप त्यांच्या तोंडाला लावला! साठीचा माणूस, धडधाकट, आणि कप धरायला बायको लागते. मी म्हटलं, "बाबा, हात नाहीत का तुम्हाला?" त्यांनी शाल आणखी घट्ट केली. म्हणाले, "थंडी आहे वं." आई मध्येच — "तू आपली भाकर खाय."

हेच. जन्मभर हेच. विणकर कोण? धोंडबा. करवती काठ कोणाचा? धोंडबाचा. आणि लग्न होऊन आल्यापासून जिनं कांड्या भरल्या, ताणा सांधला, खळ लावली, धूळ खाल्ली, तिला काय म्हणतात? घरकाम.

पण ह्या वेळी माझ्या हातात पेटी आहे. ह्या मोजणीतून हातमाग महामंडळ विणकरांना ओळखपत्रं देणार आहे. ओळखपत्र असेल त्याला दवाखान्यात फुकट उपचार, भरती सुद्धा, आणि म्हातारपणी पेन्शन. आईला ते मिळालं पाहिजे. दुसरं मला ह्या पेटीतून काही नको.

२ फेब्रुवारी

सरांशी भांडण. म्हणजे मी भांडले, ते चष्मा पुसत होते.

नियम दिल्लीहून आलाय: एका मागाला एकच ओळखपत्र. मागावर बसणारा तोच विणकर. बाकी सगळे 'घरचे'. मी म्हटलं, आणखी एक प्रश्न घालू — मदत कोण करतं? पॅकेजला हात लावायचा नाही, फक्त 'विचार' ही एक हाक वाढवायची. मी केलंसुद्धा आहे, चालतंय.

"मिस हेडाऊ, मग भात शिजवणारीलाही शेतकरी म्हणायचं का?"

हो! म्हणायचं! असं तोंडावर आलं होतं. "बरं सर" म्हणून आले. तो प्रश्न काढून टाकला. काढायला काही वेळ लागत नाही — ह्या पेटीत माणसं घालायला दिवस लागतात आणि काढायला एक ओळ.

पहिला प्रश्न आता असा: मागावर कोण बसतं? नाव. ही जागा रिकामी चालणार नाही असं मीच लिहिलं. नाव नाही तर ओळखपत्र कोणाला देणार?

९ फेब्रुवारी

आज अक्कल गहाण टाकून घराबाहेर पडले होते.

पहिली चाचणी इथल्याच विणकरांच्या गल्लीत. विचारणार ईश्वरदास, पेटी सांभाळणार मी. ईश्वरदास वीस वर्षं गावोगाव प्रश्न विचारत हिंडलेला माणूस, समोरच्याला बोलतं करायला त्याला चहासुद्धा लागत नाही. यमुताई म्हणून बाई होत्या. नवरा गांधीबागच्या बाजारात माल द्यायला गेलेला.

"मागावर कोन बसते, बाई?"

"आमच्या घरचे."

"नाव?"

बाई हसल्या. शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण हसली. "गोपिकाचे बाबा," म्हणाल्या.

"नाव सांगा ना, बाई."

"तुम्हाले मालूम नाई का?"

"मले आहे मालूम. ह्या पेटीले नाई ना."

बाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव घेणार कशा? 'गोपिकाचे बाबा' लिहावं तर त्या गल्लीत निम्मे पुरुष कोणाचे ना कोणाचे बाबाच. जागा रिकामी. सतरा! पेटी पुढच्या प्रश्नाला जाईना. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. दुपारी पुरुष सूत आणायला, माल द्यायला बाहेर, आणि बायका नाव घेत नाहीत. ईश्वरदास म्हणाला, "ताई, ही पेटी कोन्या देशातून आली? तिथल्या बायका नवऱ्याले नावानं हाक मारत असतील."

पेटीचा काय दोष? 'रिकामी चालणार नाही' हे पेटीनं नाही लिहिलं, मी लिहिलं. माझी आई! जन्मात तिनं बाबांचं नाव उच्चारलं नाही. शाळेत माझं नाव घालायला आली तेव्हा मास्तरांनी वडिलांचं नाव विचारलं, तर शेजारच्या बाईला पुढे केलं. साधा 'धोंडा' म्हणायची वेळ आली तरी 'दगड' म्हणणारी बाई. तिच्या पोटची मी, आणि मी हे विसरले. पिंपळापुरे सर विसरले असते तर एक वेळ समजलं असतं.

१० फेब्रुवारी

दुरुस्त केलं. बाईनं नाव घेतलं नाही तर एक कळ दाबायची, प्रोग्राम 'ओलांड' म्हणतो आणि पुढे जातो. ती जागा रिकामी राहते. नंतर शेजारीपाजारी विचारून, खात्री करून मी भरायची.

सरांनी मान हलवली, पण अट घातली. घरच्याच माणसाच्या तोंडून जे नाव आलं आणि 'ठेव' म्हटलं, ते कायमचं. मग ते मलाही बदलता येणार नाही, त्यांनाही नाही. दिल्लीला तसंच हवंय, म्हणजे मागाहून कोणी आपले सगेसोयरे घुसडायला नको. ठीक आहे.

१३ फेब्रुवारी

आज एक गोष्ट चांगली झाली आणि तिनंच डोकं फिरलं.

गांधीबागेत आईसाठी पातळ घ्यायला गेले. दादाजींच्या दुकानात — बाबा वर्षानुवर्षं त्यांनाच माल देतात. मला ओळखलं. एक पातळ उलगडून काठावरून बोट फिरवत म्हणाले, "हे पाय, तुह्या बापाचं. पाच-सहा वर्षांमागं वाटलं होतं, म्हातारा झाला, हात सुटला. आता पाय! जवानीत असा काठ नोहता त्याचा."

काठ खरंच सुरेख. करवतीचे दात एकसारखे, कुठं एक धागा चुकलेला नाही. अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू. पण त्या काठाच्या कांड्या कोणी भरल्या हे दादाजींनी विचारलं नाही. कोणी कधी विचारत नाही. विणकराला म्हातारपणी कौतुक, आणि कांड्यावालीला खोकला.

२८ फेब्रुवारी

उमरेड. आईच्या खोकल्यात आज रक्ताचा धागा दिसला. तिनं पदरानं झटकन पुसला, पण मी पाहिला. खाजगी डॉक्टरकडे चल म्हटलं — माझ्या पगारात जे बसेल ते. "नागपूरले आली तं इथलं कोन पाहीन?" इथलं म्हणजे बाबा! जे स्वतःच्या हातानं चहा पीत नाहीत.

उन्हं कडक लागलीत तरी बाबांचे हात आज टॉवेलमध्ये. थंडी गेली, खोड गेली नाही. मी फाडफाड बोलले. म्हटलं, "तिच्या जिवावर उठलात तुम्ही. तुमचं नाव व्हावं म्हणून ती मरून राहिली." बाबा उठून मागच्या दारी गेले. आई माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी तिलाच काही बोलले.

तिचे तळवे फाटलेत, घोट्यापर्यंत भेगा. कांड्या भरायला पाय कशाला फाटतील? विचारलं तर म्हणाली, "पाणी नाई बदललं का वं गावचं."

पुढच्या महिन्यात उमरेडची मोजणी. आमच्या मागाचं ओळखपत्र बाबांना मिळणार. नियमच आहे. दवाखाना बाबांना, जे ठणठणीत आहेत. मी स्वतः ते पेटीत घालणार, स्वतःच्या हातानं.

५ मार्च

सर दिल्लीला निबंध वाचून आले — 'आमच्या केंद्रानं सिद्ध केलेली नवी पद्धत'. शेवटी आभारांत माझं नाव आहे म्हणे, टंकलेखिकेच्या खाली. ईश्वरदास म्हणाला, "ताई, तुमचं नाव तं आलं. आमचं तं पेटी उघडायलेच लागते."

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१५ मार्च

सावकाश लिहिते.

आजची उमरेडची गल्ली लवकर आटोपली. आमचं घर उद्याच्या यादीत आहे. ईश्वरदास आणि ड्रायव्हर जेवायला बसले, म्हटलं आपण घरी डोकावून येऊ. मंगळवार. मंगळवारी मी कधी घरी गेले नाही इतक्या वर्षांत.

गल्लीच्या तोंडाशीच आमचा माग ऐकू आला. लहानपणापासून ऐकलेला आवाज, तो चुकत नाही. जेवणवेळ, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि ओट्यावर बाबा! टॉवेलमध्ये हात, उन्हात बसलेले. माग आत चालू आणि बाबा बाहेर. मला पाहून ते उठले, आणि मला 'ये' म्हणायच्या आधी आत तोंड करून ओरडले, "कुसुम आली वं!"

माग थांबला.

मी बाबांना ओलांडून आत गेले. आई मागाच्या खड्ड्यात होती. पाय पावड्यांवर, हातात धोटा. निघायला वेळच मिळाला नाही तिला.

"काहून आली वं आज?" एवढंच म्हणाली.

मी तिथंच जमिनीवर बसले. मग हळूहळू तिनं सांगितलं. पाच वर्षं झाली बाबांचे हात थरथरायला लागून. आधी काठ बिघडायला लागला. मग धोटा हातातून सुटायला लागला. मग कप. डॉक्टर म्हणाला, हे थांबणारं नाही. "रोजचं काम कसं सोडावं? कांड्या भरता भरता जन्मभर पाहूनच राहिली होती मी. बसली. आधी वाकडं झालं, मग जमलं." बाई मागावर बसली तर माग रुसतो असं आजी म्हणायची. आमच्याकडे खड्ड्यात पाय टाकलेली दुसरी बाई मी पाहिलेली नाही. म्हणून दार ओढून. म्हणून रविवारी माग बंद, कारण रविवारी मी येते. आणि दर आठवड्याला बाबा पातळं खांद्यावर टाकून, हात घडीखाली लपवून, एस.टी.नं गांधीबागेत जातात. दादाजींचं कौतुक ऐकून घेतात आणि परत येतात.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू तं मोजणारी ना वं."

बाबा दाराशी उभे होते. आज त्यांनी टॉवेल सोडला होता. दोन्ही हात मी पाहिले — वारा नसताना पान हलावं तसे. ह्या हातांना मी कपावरून बोलले! एवढ्या वर्षांचा माझा राग नेमका चुकीच्या माणसावर. शरम वाटली, आणि आईचाही राग आला, आणि तो काठ डोळ्यांपुढे आला — तिचा काठ! तिच्या हातचा! दादाजींच्या बोटाखालचा तो काठ माझ्या आईचा होता.

आणि मग डोक्यात लख्ख झालं. मागावर बसणारा तोच विणकर — दिल्लीचा नियम. पिंपळापुरे सरांचा नियम! त्याच नियमानं ओळखपत्र आईचं. दवाखाना आईचा. कोणाची विनवणी नको, एक प्रश्न वाढवायला नको.

तिला समजावलं. उद्या ईश्वरदास विचारेल, मागावर कोण बसतं. तू काही बोलायचं नाहीस. कोणतीच बाई बोलत नाही. मी कळ दाबून ओलांडेन, जागा रिकामी राहील, आणि मग नागपुरात मी तुझं नाव भरेन. गल्लीत कळणार नाही, कागद सरळ दवाखान्यात जातील. फक्त गप्प बस, आई. एवढंच कर.

ती खोकत राहिली. नाही म्हणाली नाही. म्हणजे हो.

पेटी सांभाळायची म्हणून मुक्काम धर्मशाळेत, पण झोप कसली. किती वर्षांनी सकाळ व्हावी असं वाटतंय.

१६ मार्च

ईश्वरदासनं विचारलं, "मागावर कोन बसते, बाई?" बाबा ओट्यावर होते, टॉवेलमध्ये हात. मी कळीवर बोट ठेवून तयार होते.

आईनं पदर डोक्यावर घेतला, दाराकडे पाहिलं, आणि ओट्यापर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धोंडबा. धोंडबा हेडाऊ."

ईश्वरदास माझ्याकडे पाहत होता. घरच्याच तोंडून आलेलं नाव, ओलांडता येईना; मी ते घातलं. ठेव म्हटलं.

शून्य आलं.